मागची घरघर

आमच्या गाडीला मागून घरघर लागली हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण गाडी मी चालवतो. पण ते आमच्या मागच्यांच्या लक्षात आलं. आता मागचे म्हणजे कोण ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे सगळा घोळ होईल. म्हणजे तो तसाही झालाच, पण निदान तुमचा होऊ नये.

आमच्या घराचे दोन भाग आहेत. पुढच्या भागात मी, बायको आणि आई. मागच्या भागात एक निवृत्त मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर, एकटेच राहतात. पोस्टमनपासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळे आम्हाला ‘पुढचे’ म्हणतात आणि त्यांना ‘मागचे’. वरच्या मजल्यावरच्या बाई त्या ‘वरच्या’, आणि रस्त्यापलीकडे राहणारे, कुठल्याही प्रसंगी चप्पल न घालता धावत येणारे गृहस्थ ते ‘समोरचे’. मागच्यांच्या खिडकीला लागून एक बोळ आहे आणि त्यात मी गाडी लावतो. बोळ इतका अरुंद आहे की गाडी उलटीच घालावी लागते आणि नंतर पोट आत घेऊन बाहेर पडावं लागतं. संध्याकाळी गाडी वळली की मागचे खिडकीतून अर्धे बाहेर येतात आणि हात हलवत म्हणतात, “येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बस्स!” सकाळी निघताना तोच हात आणि “जाऊ द्या… जाऊ द्या…”. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, “तुम्ही पुढचं बघा, मागचं मी बघतो.” तेव्हापासून मी आरशात बघायचं सोडून दिलं. इतक्या वर्षांत भिंतीला एक ओरखडा नाही. वडील गेल्यानंतर संध्याकाळी माझी वाट बघणारं आणि मी आल्यावर काही आणायला न सांगणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. हे बायकोला वाचून दाखवायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

तर एका संध्याकाळी “बस्स” म्हणून झाल्यावर ते आत गेलेच नाहीत. म्हणाले, “तुमच्या गाडीला घरघर लागलीय.”

“हो, थोडा आवाज येतोय खरा.”

“आवाज वेगळा. मी शब्द जपून वापरतो. घरघर यंत्राची असते आणि माणसाचीही असते. माणसाला लागली की फार दिवस नसतात.” एवढं बोलून त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्या दिवसापासून मला तो आवाज ऐकू यायला लागला. गाडीनं जरा वेग घेतला की मागच्या सीटवर कोणीतरी तोंड मिटून हलकेच गुणगुणायला लागायचं. वेग वाढला की सूर चढायचा. पाय उचलला की आपण ऐकतोय हे कळल्यासारखं एकदम गप्प. मी मान वळवून बघायचो, तर मागे कोणी नाही. बायको पुढेच बसायला लागली. आईला मागे बसावं लागायचं. तिला एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची काळजी नव्हती. पण एकदा घरी पोचल्यावर ती उतरेचना. म्हणाली, “आधी त्यांना उतरू दे.”

“कोणाला गं?”

“मला काय माहीत कोण. मघापासून शेजारी बसलंय.”

दुसऱ्याच दिवशी मी गाडी दाखवायची ठरवली. समोरच्यांनी सल्ला दिला की सीटवर जाड गोधडी घाला, आवाज दबेल. वरच्या म्हणाल्या, गाडी विका, पण ओळखीत विकू नका. मी विज्ञान शाखेचा पदवीधर असल्यामुळे दोन्ही सल्ले बाजूला सारून गॅरेज गाठलं.

गॅरेज लाकडाच्या वखारीमागे होतं. आत दिवसाढवळ्या अंधार, आणि त्या अंधारात निरनिराळ्या गाड्यांचे मागचे भाग ओळीनं आडवे घातलेले. कोणावर फडकं पांघरलेलं, कोणाच्या खाली तेलाचं थारोळं. मिस्त्री तसा बोलका माणूस, पण बोलायचा फक्त गाडीबद्दल, आणि तेही हलक्या आवाजात. त्यानं गाडी उचलली, मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर मागच्या एक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, मधल्या गोळ्याला टेकवून मूठ कानाशी धरली. बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, “पोटात आहे.”

“काय?”

“दात. आत एक मोठं चाक असतं, एक छोटं असतं. इंजिनाचा जोर छोट्याकडून मोठ्याकडे, मोठ्याकडून चाकांना. दोघांचे दात एकमेकांत बसलेले असतात. तुमचे झिजलेत.”

“माझे?” मी नकळत जिभेनं दाढ चाचपली.

“खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही. आणि एक सांगतो, ही जोडी असते. एक गेलं की दुसरं ठेवून उपयोग नाही. गाडी ठेवून जा. फोन करतो.”

गाडी ठेवून मी बसनं ऑफिसला गेलो. माझा मोबाइल लागला नाही म्हणून फोन त्यानं दुपारी घरी केला, आणि तो आईनं घेतला. आई फोन नेहमी त्या कमी ऐकू येणाऱ्या कानाला लावते. तिला पहिलं वाक्य कळलं नाही, आणि कुठून फोन आहे हे नेमकं पहिल्याच वाक्यात होतं. पुढचं मात्र तिनं शब्दन् शब्द ऐकलं.

“आजी, साहेबांना सांगा, मागचा गेलाय.”

“अगं बाई! कधी गेला?”

“तसे बरेच दिवस झाले असतील. तसाच चालत होता. आत काही राहिलंच नव्हतं. उद्या सकाळी काढतो. कोणाला बघायचं असेल तर त्याआधी या म्हणावं.”

मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा दाराशी खुर्च्या मांडलेल्या होत्या. आमच्या गल्लीत इतकी माणसं राहतात हे मला त्या दिवशी कळलं. समोरचे अनवाणी फिरत होते आणि सकाळसाठी कोणाकोणाला सुट्टी मिळेल याचा अंदाज घेत होते. वरच्या बाई डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या, “काल सकाळीच मला जिन्यात भेटले हो. म्हणजे तेव्हाही ते…” आणि पुढे बोलणं त्यांना जमत नव्हतं. कारण आईनं निरोप अगदी जसाच्या तसा दिला होता. जाऊन बरेच दिवस झाले, तसेच चालत होते. 

मला कोणीतरी पाणी दिलं. मी विचारलं, “पण दार उघडून कोणी बघितलं का?” सगळ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. समोरचे म्हणाले, “अहो, ज्याच्याकडे जायचं तोच गेला, तर दार वाजवून विचारायचं कोणाला?” मी बोळाकडे निघालो. माझ्यामागून सगळे आले, पण एक पाऊल मागे राहून.

बोळ रिकामा होता. गाडी तिकडे वखारीमागे मागची चाकं काढून ठेवलेली. खिडकी बंद. संध्याकाळचा उजेड जेमतेम भिंतीपर्यंत उरला होता. आणि त्या रिकाम्या बोळात आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला. तोंड मिटून गुणगुणल्यासारखा. चढणारा, मग एकदम थांबणारा. तोच. मी त्याच्यासोबत इतके दिवस प्रवास केला होता, तो ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं. आवाज बंद दाराच्या आतून येत होता.

वरच्या समोरच्यांच्या मागे गेल्या. समोरचे माझ्या मागे आले. मी कोणाच्या मागे जाणार? तेवढ्यात कडी वाजली आणि दार उघडून मागचे उभे राहिले. अंगात स्वेटर, हातात कपबशी. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली.

“कोण गेलं?”

समोरच्यांच्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही.”

“अस्सं,” मागचे म्हणाले. “मला कोणी कळवलं नाही.”

मग आईला पुढे बोलावण्यात आलं. त्यांनी निरोप दोनदा म्हणून घेतला, शब्द तपासले आणि माझ्याकडे वळले. “तुमच्या गाडीचा मागचा. ‘एक्सल’ हे नाम गाळलं, नुसतं विशेषण ठेवलं, त्याचा हा परिणाम. म्हणून म्हणतो, एकेक शब्द जागच्या जागी असावा.” आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. खोकला थांबला तेव्हा छातीतली घरघर सगळ्यांना स्पष्ट ऐकू आली. त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली, उंबऱ्यावर बसले आणि पांढरे पडले.

डॉक्टर आले. पाठीवर नळी टेकवून, डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. ते तसे ऐकत असताना मला मिस्त्री आठवला. हे सगळं मी सकाळीच एकदा बघितलं होतं. “छातीत आहे,” डॉक्टर म्हणाले. “मागच्या बाजूला पाणी झालंय. सकाळी हॉस्पिटलमध्ये हलवा.” आणि सकाळी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून बोळातून बाहेर काढलं. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. आई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “सकाळी काढतो म्हणालाच होता तो.”

इथपर्यंत हा योगायोग आहे असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत होतो. माझी पदवी भिंतीवर लावलेली आहे. पण त्याच दुपारी मिस्त्रीचा फोन आला, “जुने दात काढले,” आणि हॉस्पिटलमधून आलेल्या बायकोनं सांगितलं की नळी घालायची म्हणून मागच्यांची कवळी काढून ठेवलीय. वरच्यांनी हे ऐकलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर माणसं थांबायला लागली. आधी विचारायची, “मिस्त्री काय म्हणतोय?” आणि मग जाता जाता, “हॉस्पिटलमध्ये कसं आहे?” हॉस्पिटलपेक्षा गॅरेजची माहिती ताजी असते असा सगळ्यांचा समज झाला होता.

मिस्त्रीनं विचारलं होतं, “भंगारातल्या गाडीची एक जोडी मिळतेय. जुनी आहे, पण काही दिवस निघतील. बसवू?” मी खर्चाचा विचार करून “बघू” म्हणालो. तासाभरात समोरचे, वरच्या आणि गल्लीतली आणखी काही माणसं माझ्या बैठकीच्या खोलीत होती.

“जुने दात?” समोरचे म्हणाले. “मेलेल्या गाडीचे?”

“काही दिवस निघतील म्हणजे किती दिवस?” वरच्यांनी विचारलं. “नक्की विचारा त्याला. आणि तुम्हाला झोप लागेल का?”

“हे बघा,” मी म्हणालो, “मी विज्ञानाचा—”

“नवे टाक,” आई म्हणाली. मी नवे मागवले.

नवे दात बाहेरगावाहून पार्सलनं यायचे होते. आले. पण मालाच्या ऑफिसातून सुटेनात. पाठवणाऱ्याला शुद्ध भाषेची हौस असावी. त्यानं कागदावर लिहिलं होतं, ‘मागील आसाची दंतचक्रे, एक जोडी’. खिडकीतल्या कारकुनानं ते वाचून चष्मा काढला.

“आस म्हणजे?”

“एक्सल. गाडीचा कणा म्हणा.”

“मग तसं लिहायला पाहिजे. आस म्हणजे आशा. मागील आशेचं पार्सल आमच्या यादीत बसत नाही. पाठवणाऱ्याकडून दुरुस्ती आणा.”

“अहो, दुरुस्तीसाठीच तर पाहिजे ते!”

“आवाज चढवू नका.”

मी त्याला व्याकरण समजावलं, यंत्रशास्त्र समजावलं, काच वाजवली. तो जेवायला निघाला. पाटी उलटी करून त्यानं खिडकीला लावली तेव्हा माझा तोल सुटला. मी भर ऑफिसात ओरडलो, “तोपर्यंत मागचा जाईल हो!”

कारकुनानं पाटी पुन्हा उचलली आणि एकदम मऊ आवाजात विचारलं, “कोण आहेत? वडील का?”

मला दुरुस्ती करता आली असती. सांगता आलं असतं की नाम गाळलंय, नुसतं विशेषण राहिलंय. पण मी म्हणालो, “हो.” आणि ते काही नाटक नव्हतं. कारकुनानं न बोलता पार्सल पुढे सरकवलं.

ते मिस्त्रीकडे टाकून मी हॉस्पिटलमध्ये गेलो. मागचे पाठीला उशा लावून बसले होते. कवळी नसल्यामुळे चेहरा लहान झाला होता. छातीत घरघर चालूच होती. मी खुर्ची ओढून बसलो तर त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “कुठवर आलं?”

“काय?”

“दातांचं.”

“पार्सल आलं. आज बसवतो म्हणालाय. दातांना रंग लावून बघतो, नीट टेकतात की नाही.”

“हं. मलाही सकाळी पाठीला गार काहीतरी चोपडून बघितलं.” त्यांनी आता डोळे उघडले. “गाडी उलटी घालू नका हो कोणाच्या भरवशावर. समोरच्यांना अंदाज नाही.”

“तुम्ही आल्याशिवाय घालणार नाही,” मी म्हणालो. बाहेर येऊन मी जिन्यात जरा वेळ उभा राहिलो. मला भीती वाटत होती. पदवीबिदवी काही आठवत नव्हती, आणि तो मिस्त्री स्क्रू नीट आवळतोय की नाही एवढंच डोक्यात होतं.

तिथून तडक गॅरेजात गेलो. गाडी उंच टांगलेली. मिस्त्रीनं शेवटचं झाकण बसवलं, तेल भरलं आणि इंजिन चालू केलं. मागची चाकं हवेत फिरायला लागली. त्यानं वेग वाढवला. चाकं गरगर फिरत होती आणि मागून कसलाही आवाज येत नव्हता. घरघर नाही, गुणगुण नाही. सवयीच्या ठिकाणी आवाज नसला की माणूस कान देऊन ऐकतो, तसा मी ऐकत होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती.

“अहो, ऐकताय का? त्यांच्या छातीतला आवाज थांबला.”

चाकं फिरतच होती. मिस्त्री माझ्याकडे बघून समाधानानं हसत होता आणि मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

“हॅलो? अहो, डॉक्टर म्हणतात छाती मोकळी झाली! आत्ताच ओरडले नर्सवर. तिनं तक्त्यावर वेलांटी चुकवली म्हणून.”

मी तिथल्या तेलकट बाकावर बसलो. नवी पॅन्ट होती.

मिस्त्रीनं गाडी लगेच दिली नाही. नवे दात एकमेकांना लागू द्यायला हवेत, म्हणून तो ती स्वतः हळूहळू चालवून बघत होता. हॉस्पिटलनंही मागच्यांना लगेच सोडलं नाही. तेही त्यांना व्हरांड्यात हळूहळू चालवून बघत होते. दोघं एकाच दिवशी सुटले. दुपारी बायको त्यांना रिक्षानं घरी घेऊन आली आणि संध्याकाळी मी गाडी आणायला गेलो. मिस्त्री कुठेतरी बाहेर गेला होता. त्याच्या भागीदारानं किल्ली दिली आणि म्हणाला, “मिस्त्रीनं घरी फोन केलाय, सांगितलंय सगळं.”

काय सुंदर चालत होती गाडी! मागे कोणी बसलेलं नाही, कोणी गुणगुणत नाही. मी गल्लीत वळलो तेव्हा वाटलं, लोक टाळ्या वाजवतील. लोक होतेही. दाराशी ओळीनं उभे होते. पण माझ्याकडे बघून कोणी हसेना. समोरचे चपला घालून आले होते, आणि मला आदरानं वाट करून दिली त्यांनी. वरच्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घाईनं जिना चढून गेल्या. आई उंबऱ्यात उभी होती. मी खाली उतरल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. असा हात तिनं मी शाळेत नापास झालो होतो तेव्हा फिरवला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही रे. तू गाडी लावून ये. सावकाश.”

मी गाडी उलटी घातली. खिडकी उघडली, हात बाहेर आला. थोडा बारीक झाला होता, पण अंदाज तोच. “येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बस्स!” मी इंजिन बंद केलं आणि पोट आत घेऊन बाहेर पडलो.

“आवाज गेला,” मागचे म्हणाले. कवळी जागेवर होती.

“दोन्हीकडचा,” मी म्हणालो. आम्ही हसलो.

“मिस्त्रीचा फोन आला होता. तुमच्या आईंनी घेतला.”

“मग?”

“मागचा आता तुम्हाला पुरून उरेल, म्हणाला.”

“अहो, मग चांगलंच की!”

“हो.” त्यांनी खिडकीचा गज पुसला. “पुढचा मात्र काही खरा नाही म्हणाला. खोलून बघावा लागेल. आहे तोवर चालेल.”

बोळात इतकं शांत होतं की तापलेल्या इंजिनाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. मी म्हणालो, “नाम गाळलंय त्यानं. नुसतं विशेषण ठेवलंय. पुढचा एक्सल.”

मला वाटलं ते हसतील. एकेक शब्द जागच्या जागी हवा, म्हणतील. पण ते हसले नाहीत. “असेल,” म्हणाले. “तरी उद्या दोन्ही दाखवून घ्या. गाडीही आणि तुम्हीही. मी येतो बरोबर.”

“तुम्ही कशाला? नुकते उठताय.”

“मागचं आता बघायला नको. पुढचं बघतो.”

मी मान हलवली आणि आमच्या पायऱ्यांकडे निघालो. गाडीचा आवाज गेल्यामुळे असेल, पण त्या शांततेत मला माझ्याच छातीतून काहीतरी बारीक ऐकू आलं. चालायला लागलो की चढायचं, थांबलो की गप्प व्हायचं. मी थांबून मागे वळून पाहिलं. सवयच लागली होती. मागे मागचे होते, खिडकीतून अर्धे बाहेर आलेले आणि हात हलवत असलेले.

“जाऊ द्या… जाऊ द्या…” ते म्हणाले.

“ते नको हो,” मी म्हणालो. “दुसरं म्हणा.”

त्यांना लगेच कळलं. शब्दांच्या बाबतीत त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. “येऊ द्या,” ते हळूच म्हणाले. “येऊ द्या… येऊ द्या…”

मी एकेक पायरी चढत गेलो. वर दारात आई उभी होती. त्यांनी ‘बस्स’ म्हणू नये, एवढंच मी मनात घोकत होतो.